उजवं पान

‘कांद्याने रडवले’ हे शीर्षक माझ्या वहीत चार ठिकाणी चिकटवलेलं आहे. वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतलं, वेगवेगळ्या महिन्यांतलं. भाव चढले तेव्हा हेच, भाव पडले तेव्हाही हेच. बदलतो तो फक्त फोटो. चढलेल्या भावाला भाजीवाल्यापुढे पिशवी धरून उभी असलेली बाई, पडलेल्या भावाला रस्त्यावर ओतलेला ट्रॅक्टर. पहिल्यांदा चिकटवलं तेव्हा समोरच्या पानावर मी लिहिलं होतं : आमची आई एप्रिलमध्ये तीन-तीन आठवडे विळ्याने पात कापते. सकाळी सातला वाफ्यात बसते ती ऊन डोक्यावर येईपर्यंत. तिच्या डोळ्यांना आता पाणी येत नाही.

वही पुण्यातल्या एम.ए.च्या पहिल्या वर्षातली. राज्यशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सरांनी जुलै २०२३ मध्ये सगळ्यांना एकेक दोनशेपानी वही करायला लावली. आठवड्याला एक बातमी आणि एक मतलेख. डाव्या पानावर कात्रण, उजव्या पानावर आपली प्रतिक्रिया, वर तारीख. अट एकच होती : तीन महिन्यांनी त्याच उजव्या पानाखाली दुसऱ्या शाईने पुन्हा लिहायचं आणि आधीचं खोडायचं नाही. आम्हाला ती नसती कटकट वाटली. वसतिगृहात दोनच वर्तमानपत्रं यायची, तीही रात्री दहानंतर कापायची परवानगी. कधीकधी आपल्याला हवा तो लेख आधीच कुणीतरी कापून नेलेला असायचा आणि त्या चौकोनी भोकातून पलीकडचं क्रीडापान दिसायचं.

पहिल्या काही पानांत मी पुष्कळ लिहिलं. चांद्रयान-३ उतरलं त्या आठवड्यात तर दोन पानं भरली. महिला आरक्षणाचं विधेयक संसदेने मंजूर केलं तेव्हाही भरली. तीन महिन्यांनी हिरव्या शाईचं पेन घेऊन बसले आणि पानं उलटताना कान तापले. उजवीकडची निम्मीअधिक वाक्यं डावीकडच्या लेखातलीच होती. क्रम जरा बदललेला, एखादा शब्द इकडचा तिकडे. मी वाचलेलं मत मला माझंच वाटलं होतं. त्या पानांखाली हिरव्या शाईत मी खरं ते लिहिलं आणि पुढे गेले. कांद्याच्या पानांवर मात्र तसं झालं नव्हतं. तिथली वाक्यं ओबडधोबड होती, काही ठिकाणी व्याकरणही सुटलेलं, पण ती उसनी नव्हती.

आमचं गाव नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात. तीन एकर कांदा, थोडी बाजरी, दोन गाई. गावात पेपर दुपारी येतो आणि तेव्हा माझे वडील, नाना, रानात असतात. म्हणून रात्री आठच्या सुमारास त्यांचा फोन यायचा. जेवलीस का, अभ्यास काय म्हणतो, हे झालं की ठरलेला प्रश्न : “आज काय छापलंय?” मी वाचून दाखवायची. नाना सातवीपर्यंत शिकलेले. त्यांना वाचता येत नाही असं नाही, पण सरकारी आदेशाची भाषा त्यांना कळत नाही आणि मला कळते, असा त्यांचा विश्वास. घरात एवढं शिकलेली मी पहिलीच.

१९ ऑगस्ट २०२३ च्या शनिवारी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. सोमवारपासून लासलगावचे लिलाव बंद. मंगळवारी घोषणा झाली की नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था दोन लाख टन कांदा २,४१० रुपये क्विंटलने घेणार. माझ्या डाव्या पानावर हे सगळं ओळीने आहे. उजवीकडे मी आमच्या कांदा साठवायच्या चाळीबद्दल लिहिलं. कारण ऑगस्टमध्ये जो कांदा बाजारात असतो तो ऑगस्टचा नसतोच. तो उन्हाळ कांदा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याचं रोप टाकलेलं असतं, डिसेंबर-जानेवारीत लागवड, मार्चअखेर ते एप्रिलात काढणी, मग बांबूच्या चाळीत चार-पाच महिने. खालून हवा खेळावी म्हणून चाळ जमिनीपासून उचललेली असते. पावसाळ्यात नाना रात्री टॉर्च घेऊन चाळीभोवती फिरतात आणि नाकाने शोधतात. सडक्या कांद्याचा वास आधी गोडसर येतो, मग उग्र. एक नासला की शेजारचे चार नासवतो, म्हणून तो त्याच रात्री हुडकून काढायचा. ज्या मालाला बी पडल्यापासून दहा महिने झाले आहेत, त्याची किंमत एका शनिवारी संध्याकाळी बदलते. हे वाचून मला काय वाटलं, ते तेव्हा नीट मांडता आलं नव्हतं. मी फक्त महिने लिहून काढले होते, एकाखाली एक.

त्या वर्षी दिवाळीनंतर २६ नोव्हेंबरला आमच्याकडे गारपीट झाली. निफाडची द्राक्षं गेली, आमच्या लाल कांद्याची पात झोडपली गेली. उन्हाळ कांद्याचं रोप कसंबसं वाचलं. आणि ८ डिसेंबरच्या सकाळी बातमी : कांद्याच्या निर्यातीवर पूर्ण बंदी, ३१ मार्च २०२४ पर्यंत. त्याच दिवशी चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग शेतकऱ्यांनी अडवला.

नाना तेव्हा द्विधा मनात होते. रोप तीन एकरांचं तयार होतं. एका एकरात गहू टाकावा आणि उरलेलं रोप विकावं, असं त्यांच्या मनात होतं. रात्री फोन आला. मी आदेश शब्दन् शब्द वाचून दाखवला. “तारीख दिलीय का?” त्यांनी विचारलं. “दिलीय नाना. ३१ मार्चपर्यंतच आहे.” पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, “मग आपला माल एप्रिलात निघतो. तोवर उठलेली असंल.” दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्ही एकर लावायला घेतले.

लागवडीची ती बातमी कुठल्याच वर्तमानपत्रात नसते. डिसेंबरच्या थंडीत पाणी भरलेल्या वाफ्यात बायका ओळीने वाकलेल्या असतात. डाव्या हातात रोपाची जुडी, उजव्या हाताच्या बोटाने चिखलात भोक, रोप खोचायचं, पुढे सरकायचं. सुरगाण्याकडून आलेल्या बायका उक्तं काम घेतात, एकरावर. त्यांच्याबरोबर आई आणि चुलतीही असतात. संध्याकाळी बोटांच्या टोकाची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असते. चार दिवसांनी आंबवणीचं पाणी द्यायचं, तेही लाइट रात्रीची असली तर रात्री. त्या आठवड्यात मी कांद्यावरचे सहा लेख वाचले. सगळ्यांत ‘शेतकरी’ होता. तो ‘आला’, ‘संतापला’, ‘रस्त्यावर उतरला’. वाफ्यात वाकलेली ‘ती’ एकाही लेखात नव्हती. हे मी उजव्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे आणि आजही त्यातला शब्द बदलावा असं मला वाटत नाही.

त्या सहा लेखांतला एक बंदीच्या बाजूचा होता. मला तो सर्वांत जास्त शिकवून गेला, म्हणून त्याबद्दल सांगायला हवं. लेखकाने महागाईचा निर्देशांक कसा बनतो ते समजावून सांगितलं होतं. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या तेव्हाच्या निर्देशांकात खाण्यापिण्याच्या वस्तूंचं वजन शंभरात जवळजवळ ४६ होतं. एकट्या कांद्याचं ०.६४. वजन एवढंसं, पण कांद्याचा भाव दुप्पट-तिप्पट होऊ शकतो, तसा गव्हाचा होत नाही, म्हणून ते एवढंसं वजनही काटा हलवतं. रिझर्व्ह बँकेला महागाई चार टक्क्यांच्या आसपास राखायची आहे. शिवाय १९९८ मध्ये दिल्लीचं सरकार कांद्याच्या भावाने घालवलं, ही आठवण सगळ्याच पक्षांच्या मनात पक्की आहे. लेख शांतपणे लिहिलेला होता, आकडे बरोबर होते. सरकार का घाबरतं हे मला पहिल्यांदा कळलं. पण लेख दोनदा वाचूनही त्यात मला महिने कुठे सापडले नाहीत. निर्देशांक दर महिन्याला नवा येतो. कांदा वर्षातून एकदा चाळीत जातो.

आणि तरीही त्या लेखाला माझ्याच ताटात पुरावा होता. मी ज्या काकूंकडे जेवत होते त्या पस्तीस मुलींचा डबा करायच्या. महिन्याचे पैसे पहिल्या तारखेला ठरलेले, मधे वाढवता येत नाहीत. ऑक्टोबरअखेर पुण्यात कांदा साठ-सत्तर रुपयांवर गेला तेव्हा कोशिंबिरीतून तो गेला, मग पोह्यांत कोबी आला. काकू रोज संध्याकाळी कांदे मोजून घ्यायच्या, किलोवर नाही, नगावर. डिसेंबरच्या मध्यावर एका रात्री त्यांनी माझ्या ताटात चिरलेल्या कांद्याची वाटी ठेवली आणि खुशीत म्हणाल्या, “घे गं, बंदी घातली ते बरं झालं. आता उतरतोय.” त्याच दुपारी नानांचा फोन येऊन गेला होता. बंदीच्या आधी गावातला लाल कांदा ३,८०० ने गेला होता, आमचा गारपिटीतून वाचलेला माल १,७०० ने गेला. मला घास गिळवेना. मी कांदेवाल्याची मुलगी आहे हे काकूंना ठाऊक नव्हतं आणि त्या क्षणी मला ते सांगता आलं नाही. सांगून काय झालं असतं? त्या ओशाळल्या असत्या. त्यांची काय चूक होती? विधवा बाई, दोन मुलं, पस्तीस डबे.

मी खोलीत येऊन वही काढली. वर्तमानपत्रांत ‘ग्राहक विरुद्ध शेतकरी’ असं लिहिलेलं असतं. मला त्या ‘विरुद्ध’ या शब्दाचा राग आला, अजून येतो. नाना आणि काकू एकमेकांच्या विरुद्ध कधी उभे नव्हते. दोघांच्या मधे ट्रॅक्टरचं भाडं, हमाली, तोलाई, व्यापाऱ्याचा गाळा, गोणी, ट्रक, मार्केट यार्ड आणि कोपऱ्यावरचा भाजीवाला एवढं अंतर आहे. नानांचा भाव पंधरा दिवसांत निम्म्याहून खाली आला, काकूंचा भाव निम्मा व्हायला जानेवारी उजाडला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेचाच एक संशोधन-निबंध आला. ग्राहक कांद्यासाठी जो रुपया मोजतो त्यातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात, असं त्यात होतं. त्या बातमीचं कात्रण मी त्याच डिसेंबरच्या पानावर आडवं चिकटवलं आहे.

२२ मार्च २०२४. बंदीला नऊ दिवस उरले होते. नवा आदेश आला : पुढील आदेशापर्यंत बंदी कायम.

त्या रात्री फोन मी केला. नानांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “तारीख लिहिली होती ना त्यांनी?” शेतात तीन एकर कांदा माना टाकून उभा होता, आठवड्याभरात काढणी. मला रात्रभर झोप लागली नाही. तारीख मी वाचून दाखवली होती. ‘३१ मार्चपर्यंतच’ यातला ‘च’ आदेशात नव्हता. तो माझा होता. एका अक्षराने मी आश्वासन देऊन टाकलं होतं, आणि नानांनी त्या अक्षरावर एक एकर लावला होता.

हे मी सरांना दाखवलं. त्यांनी ते पान बराच वेळ वाचलं आणि विचारलं, “वडील रागावले का?” नाही म्हटलं. “मग तू त्यांना पुढची बातमी वाचून दाखवायचं थांबवू नकोस,” एवढंच बोलले. वहीवर काही शेरा दिला नाही.

नंतरच्या घटना भराभर घडल्या. एप्रिलच्या शेवटी गुजरातेतल्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली आणि आमच्याकडे भडका उडाला. ४ मे रोजी बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि वर ४० टक्के शुल्क ठेवूनच. नाशिक-दिंडोरीचं लोकसभेचं मतदान २० मे रोजी होतं. निकालानंतर अग्रलेखांतून कांद्याच्या राजकारणाचा पूर आला. ती कात्रणं मी जपली आहेत, पण त्यांच्यासमोर फार लिहिलेलं नाही. निवडणुकीपुरता आमचा कांदा पहिल्या पानावर येतो, मग व्यापारपानावरच्या बाजारभावाच्या चौकटीत परत जातो.

एप्रिलअखेर सोसायटीचं कर्ज भरायचं होतं म्हणून नानांनी निम्मा माल १,३०० रुपयांनी विकला. निम्मा चाळीत टाकला. सप्टेंबरात किमान निर्यातमूल्य काढलं, शुल्क २० टक्क्यांवर आणलं आणि चाळीतल्या कांद्याला चार हजारांच्या आसपास भाव मिळाला, घट आणि सड वजा जाता. म्हणजे माझ्या ‘च’ने लावलेल्या एकराने शेवटी पैसे दिले. मला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण आमच्या बांधाला बांध असलेल्या माणसाकडे चाळ नाही. त्याने सगळा कांदा एप्रिलातच दिला. सप्टेंबरचा भाव त्याने पेपरात वाचला. आणि सप्टेंबरात काकूंच्या पोह्यांत पुन्हा कोबी आला. तिसऱ्या शाईत, लाल, मी हे तिघांचे तीन हिशेब एकाखाली एक लिहिले. त्यांची बेरीज मला करता आली नाही.

माझं मत विचाराल तर ते आता ठाम आहे. खरी टंचाई असेल तर सरकारने निर्यात थोपवू नये, असं मी म्हणत नाही. काकूंच्या ताटाची जबाबदारीही सरकारचीच आहे. पण जे ठरवायचं ते रोप टाकायच्या आधी ठरवा. आणि तारीख छापलीत तर ती पाळा. कागदावरची तारीख आमच्याकडे पंचांगातल्या तिथीसारखी वाचली जाते, तिच्यावर बी पडतं. २०२० साली कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या यादीतून काढण्याचा वटहुकूम जूनमध्ये निघाला. सप्टेंबरात संसदेत त्याचा कायदा होत होता आणि त्याच सप्टेंबरात, १४ तारखेला, निर्यातबंदीही आली. तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. दोन्ही बातम्या मी पाठ केल्या होत्या, एकमेकींशेजारी कधी ठेवल्या नव्हत्या.

आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला आहे. १९८० च्या ऊस-कांदा आंदोलनात ते रस्त्यावर बसले होते. लहानपणी आम्ही तो बिल्ला भातुकलीत तव्यासारखा वापरायचो. मागच्या दिवाळीत मी तो मागून घेतला आणि वहीच्या पुठ्ठ्याला आतून लावला. चाकणच्या कांद्यापासून संघटनेच्या शरद जोशींनी जी मांडणी सुरू केली, तिच्याशी मी काही ठिकाणी सहमत नाही. आमच्या वर्गात त्यावर मी वादही घातला आहे. बिल्ला आजोबांसाठी लावला आहे. त्यांना त्या दिवशी रस्त्यावर बसून काय वाटलं, ते त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही. मी विचारायच्या आत ते गेले.

एम.ए. संपलं. वही तपासायला आता कुणी नाही, तरी मी ती चालू ठेवली आहे. कात्रणं आता कमी असतात, आठवड्याला एकच.

१ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरचं उरलेलं २० टक्के शुल्कही उठलं. बातमी आली होती २३ मार्चला, आतल्या पानावर, एक स्तंभ. ना फोटो, ना रडवले. रात्री आठला फोन आला. मागून मोटरीचा आवाज येत होता, काढणीआधीचं शेवटचं पाणी चालू होतं.

“आज काय छापलंय?”

“शुल्क काढलं नाना. एक एप्रिलपासून.”

“किती दिवस?”

मी आदेशाची बातमी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. सावकाश, आपल्याकडून एक अक्षरही न घालता. “तारीख दिलेली नाही,” मी म्हटलं.

“बरं,” नाना म्हणाले. मग म्हणाले, “यंदा चाळीचं एक अंग नवीन बांबूचं केलंय. आलीस की बघ.”

फोन ठेवून मी कात्रण डाव्या पानावर चिकटवलं. उजव्या पानावर वर तारीख घातली आणि खाली काही लिहिलं नाही. चाळ दिवाळीच्या आसपास फोडतील, तेव्हा गावी जाऊन लिहायचं ठरवलं.